अणू-रेणूंच्या अभ्यासासाठी कॉलेज कोणतं?

प्रश्न : मॅडम, मला ॲटॉमिक आणि मॉलिक्युलर फिजिक्समध्ये संशोधन करायचं आहे. बीएस्सीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एका नावाजलेल्या कॉलेजात या विषयाचे दोन स्वतंत्र पेपर आहेत. दुसरं कॉलेज फारसं कुणाला माहीत नाही, पण तिथे लेसरवर काम करणारा गट आहे म्हणे. बाबा म्हणतात, नाव बघ. काय करू?

उत्तर : आधी त्या दुसऱ्या कॉलेजात एक चक्कर मार, तीही कामाच्या दिवशी. लेसरच्या खोलीतलं ऑप्टिकल टेबल, म्हणजे ज्यावर लेसर आणि आरसे बसवतात ते टेबल, नीट बघ. आरशांवर धुळीचा थर असेल, तर ते सगळं पाहुण्यांना दाखवण्यापुरतं आहे. मग खुशाल बाबांचं ऐक. पण वायरींचा गुंता, पेनाने खुणा केलेल्या चिकटपट्ट्या आणि 'हात लावू नका, अलाइनमेंट चालू आहे' अशी चिठ्ठी दिसली, तर थांब. तिथल्या पीएचडीच्या मुलांना गाठ आणि विचार, रुबिडियमचं सॅच्युरेटेड ॲब्सॉर्प्शन बीएस्सीची मुलं स्वतःच्या हाताने करतात का?

हाच प्रश्न का? काचेच्या छोट्या नळीतल्या रुबिडियमच्या वाफेतून ७८० नॅनोमीटरचा डायोड लेसर सोडायचा. वाफेतले अणू सैरावैरा धावत असतात, त्यामुळे डॉप्लर परिणामाने शोषणरेषा, म्हणजे अणू प्रकाश शोषतात तिथला खळगा, पसरट दिसते. मग त्याच लेसरचे दोन किरण समोरासमोरून सोडायचे. ऑसिलोस्कोपवर त्या पसरट खळग्यात बारीक सुळके उभे राहतात. ती अणूची हायपरफाइन रचना, म्हणजे त्याच्या ऊर्जापातळ्यांमधले अगदी बारीक फरक! फळ्यावर महिनाभर डोक्यावरून गेलेलं तिथे एका दुपारी दिसतं. अशाच रेषेवर लेसर लॉक करून, म्हणजे त्याची वारंवारता तिथे स्थिर धरून, अणू थंड करतात. १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या 'जिला' (JILA) प्रयोगशाळेत बोस-आइनस्टाइन संघनन, म्हणजे अतिथंड अणूंनी एकाच क्वांटम अवस्थेत येणं, पहिल्यांदा साधलं, तेही रुबिडियमच्याच अणूंचं.

पेपरच्या नावाला मी फारशी किंमत देत नाही. हायड्रोजनचा वर्णपट, झीमन परिणाम (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटणं), एल-एस कपलिंग (इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गती आणि स्पिन यांची जोडणी) हे क्वांटम मेकॅनिक्स नीट शिकवलं की त्यात येतंच. अणुभौतिकीचे दोन पेपर आणि क्वांटम मेकॅनिक्स मात्र एका सत्रात उरकलेलं, असं असेल तर तो उलटा कारभार झाला. विद्युतचुंबकत्व, इलेक्ट्रॉनिक्सचं प्रात्यक्षिक आणि थोडं प्रोग्रॅमिंग आहे ना, तेवढं तपास. लेसर स्थिर ठेवायला फीडबॅक सर्किट लागतं आणि ते बिघडलं की आपल्यालाच सोल्डरिंगचे डाग द्यायला बसावं लागतं.

शिवाय हे क्षेत्र एकसंध नाही. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आयन सापळ्यात धरून क्वांटम संगणनाचे प्रयोग होतात, स्वीडनमध्ये लुंडला ॲटोसेकंद स्पंदांवर, म्हणजे प्रकाशाच्या कल्पनेपलीकडे छोट्या झोतांवर, काम चालतं, अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) तर या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. यातलं काय आवडेल हे आज ठरवायची घाई नको. पीएचडीच्या वेळी आवड बदलली तरी काही बिघडत नाही. तेव्हा कॉलेजच्या नावापेक्षा, तुला प्रयोग करताना पाहिलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र जास्त कामाला येतं, असं माझं मत आहे.

जाण्याआधी त्या गटाचे शोधनिबंध इंटरनेटवर शोध. लेखकांत विद्यार्थ्यांची नावं आहेत का, बघ. आणि सगळ्यात ताजा निबंधच दहा वर्षांपूर्वीचा निघाला, तर गाडीभाडं वाचव.