इंग्लंडला जाताना ड जीवनसत्त्वाचे काय करावे : निपाणीच्या वहिनींना उत्तर

वहिनी, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. निपाणीच्या डॉक्टरांनी दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या संपल्यावर ऑक्टोबरात मँचेस्टरला गेल्यावर पुन्हा काही घ्यावे लागेल का, आणि बाळाला रोज कोवळे ऊन दाखवले तर भागेल का. पहिल्याचे उत्तर, घ्यावे लागेल, पण थोडे आणि रोज. दुसऱ्याचे, भागणार नाही. मी खानापूरची, माझी दोन्ही बाळंतपणे इंग्लंडमध्येच झाली. डॉक्टर मात्र नाही, त्यामुळे तुमच्यासाठीची मात्रा तिथल्या मिडवाइफकडून (गरोदरपणात आणि बाळंतपणात काळजी घेणारी परिचारिका) ठरवून घ्या.

आपला बेळगाव जिल्हा विषुववृत्तापासून जेमतेम सोळा अंशांवर आहे, तर मँचेस्टर त्रेपन्न अंशांवर. तिथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो की त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण पुरेसे पोहोचतच नाहीत, आणि खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. (खरे तर आपल्याकडेही सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात, पण हे सासूबाईंना पटवण्याच्या फंदात पडू नका.) उन्हाळ्यात मात्र सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट कडक उन्हात ठेवू नये, असे तिथे सांगतात.

म्हणूनच गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट घ्यावे, असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांनी ते बारा महिने घेण्याचा विचार करावा असे ती सुचवते. आठवड्याला 60,000 युनिटची पुडी म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक. तो कमतरतेवरचा ठरावीक आठवड्यांचा उपचार असतो, नेहमीची मात्रा नव्हे. मोठ्या माणसानेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला 4,000 युनिटच्या वर जाऊ नये, म्हणून घरून आणखी पुड्या बांधून दिल्या तरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

आईच्या दुधात इतर बहुतेक सगळे असले तरी ड जीवनसत्त्व फार थोडे असते. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज 8.5 ते 10 मायक्रोग्रॅम थेंबांतून देतात. दिवसाला 500 मिलीहून अधिक डब्याचे दूध पिणाऱ्या बाळाला ते लागत नाही, कारण त्या दुधात ते घातलेलेच असते. एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम. हे दुर्लक्षित राहिले तर हाडे मऊ राहून पाय वाकतात, म्हणजे मुडदूस होतो, आणि रक्तातले कॅल्शियम घसरून तान्ह्या बाळाला आकडीही येऊ शकते. 1960 च्या दशकात ग्लासगोत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांमध्ये मुडदूस आढळला होता, तेव्हा ही भीती कागदावरची नाही.

सर्वांत जपायचे ते बाटलीला. आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांत एक मिली म्हणजे 400 युनिट असतात आणि ड्रॉपरवर एक मिलीची खूण असते. परदेशात मिळणाऱ्या काही बाटल्यांत एका थेंबातच 400 युनिट असतात. बाळंतपणात मदतीला आलेल्या तुमच्या आईने सवयीने ड्रॉपर खुणेपर्यंत भरला, तर बाळाच्या पोटात एकाच वेळी कित्येक दिवसांची मात्रा जाईल. तेव्हा घरात एकच बाटली ठेवा आणि तिच्यावर मराठीत मात्रा लिहून चिकटवा.

रक्ताचा अहवाल नेत असाल तर एकक पाहा. आपल्याकडे आकडा मिलीला नॅनोग्रॅममध्ये येतो, तिथे लिटरला नॅनोमोलमध्ये, आणि पहिल्याला अडीचने गुणले की दुसरा मिळतो. तुमचे 18 तिथे 45 होतील, म्हणून सुधारणा झाली असे समजू नका.

तुमच्या घरी मांस-मासे वर्ज्य आहेत, म्हणून एवढे सांगते. ड जीवनसत्त्वाचा डी-3 हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, दगडफुलाच्या जातीपासून केलेलेही मिळते, आणि कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे नाही ना, हे लेबलवर वाचता येते. कॉडलिव्हर ऑइल मात्र गरोदरपणात मांसाहारी बायकांनीही घेऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि ते गर्भाला बाधते.