संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र विकतच घ्यावे लागते का?

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदांची नोंदणी होते आणि गणेशोत्सवाची वर्गणीही स्वीकारली जाते. संकेतस्थळ सांभाळणारे गृहस्थ सांगतात की, दरवर्षी काही हजार रुपये भरून प्रमाणपत्र विकत घेतले नाही, तर सभासदांची माहिती वाटेतच चोरली जाईल, कारण फुकटचे प्रमाणपत्र कच्चे असते. हे खरे आहे का?
– एक कार्यकारिणी सदस्य, रामबाग, इंदूर

उत्तर : प्रमाणपत्र हवेच, ते विकतच घ्यावे लागते, हे मात्र खरे नाही.

सभासदाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधील माहिती टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध होऊन जाते. तिची बळकटी सर्व्हरवर टीएलएसची कोणती आवृत्ती आणि कोणत्या कूटपद्धती चालू आहेत यावर ठरते, प्रमाणपत्रासाठी किती रुपये मोजले यावर नाही. समोरचा सर्व्हर खरोखरच त्या पत्त्याचा आहे, याची ग्वाही देणे हे प्रमाणपत्राचे काम. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्थेने चालवलेली सेवा २०१५च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते आणि सर्व प्रमुख ब्राउझर ती मान्य करतात. स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र मात्र लावू नये. ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो आणि वर्गणी भरायला आलेला माणूस साहजिकच परत फिरतो.

मग पैसे कशाचे? महागड्या प्रकारांत संस्थेची कागदपत्रे तपासून तिचे नाव प्रमाणपत्रात नोंदवले जाते. हे नाव पूर्वी पत्त्याच्या पट्टीतच ठळकपणे दिसत असे. २०१९मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स यांनी ते तेथून काढले, त्यामुळे वर्गणीदाराला आता सहसा काहीच फरक जाणवत नाही. एखाद्या बँकेला ही तपासणी आवश्यक वाटू शकेल, पण वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने त्यासाठी खर्च करावा, असे मला मुळीच वाटत नाही.

खरी काळजी नूतनीकरणाची घ्यावी. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते, म्हणून सर्टबॉटसारख्या प्रणालीकडून ते आपोआप बदलले जाईल अशी व्यवस्था लागते. अनेक होस्टिंग कंपन्या ती शुल्काशिवाय करून देतात. विकतच्या प्रमाणपत्रांनाही हे चुकणार नाही, कारण ठरलेल्या नियमानुसार मार्च २०२९पासून त्यांचीही कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे.

आणखी एक गोष्ट कार्यकारिणीने आवर्जून ध्यानात घ्यावी. प्रमाणपत्र फक्त वाटेतल्या माहितीचे रक्षण करते. सर्व्हरवर साठवलेली सभासदांची यादी दुबळ्या पासवर्डमुळे उघडी पडली, तर कोणतेही प्रमाणपत्र, फुकटचे वा विकतचे, तिला वाचवू शकत नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना दोन गोष्टी विचारा : होस्टिंगसोबत विनामूल्य प्रमाणपत्र मिळते का, आणि मागितलेल्या रकमेत त्यांच्या कामाचे पैसे किती आहेत. कामाचा मोबदला त्यांना जरूर द्यावा. हिशेबात मात्र तो देखभाल खर्च म्हणूनच दाखवावा.