शाळा बदलू नका, लाइन बघा

पत्र थोडक्यात असं आहे: ‘आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या व्हर्सिटी (मुख्य) अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा खेळाडू) आहे. मागच्या सीझनला त्याचे 6 टचडाउन (गुण मिळवून देणारे डाव) झाले आणि 14 इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्या टीमने झेलला). टीम दहापैकी दोनच सामने जिंकली. आता हेड कोच गेले, ऑफेन्सचे (चढाईचे) कोऑर्डिनेटर नवीन आले, लाइनमधली (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेतली) तीन मुलं बदलणार आहेत. मुलगा म्हणतो, बारावीत सगळं भरून काढतो. त्याचे बाबा म्हणतात, शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये भाड्याने घर घेऊन तिथल्या शाळेत घालू. मला वाटतं, आता खेळ सोडून अभ्यास बघावा. इतके बदल झाल्यावर तो खरंच सावरेल का?’

ताई,

भाड्याच्या घराचा करार झाला नसेल तर आधी तो थांबवा. टेक्सासमधले सरकारी शाळांचे सामने यूआयएल या शालेय स्पर्धांच्या संस्थेच्या नियमांनी चालतात. शाळा बदललेल्या खेळाडूसाठी जुनी शाळा एक फॉर्म भरून देते आणि त्यात बदलाचं कारण विचारलेलं असतं. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं, तर निदान एक वर्ष व्हर्सिटीत खेळता येत नाही. तुमच्या मुलाकडे एकच वर्ष उरलंय. ज्या सीझनसाठी घर बदलायचं, तोच सीझन हातचा जाईल.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, सावरू शकतो. पण बदल झाले म्हणून आपोआप कोणी सावरत नाही. नेमकं काय बदललं, ते बघावं लागतं.

क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचं उदाहरण घ्या. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 2016 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) लॉस एंजेलिस रॅम्स टीमने त्याला सगळ्यात पहिला उचलला. त्या वर्षी तो 7 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. 5 टचडाउन, 7 इंटरसेप्शन, आणि त्या सातच सामन्यांत 26 वेळा त्याला सॅक केलं, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडलं. या मुलाला जमत नाही, असंच सगळीकडे बोललं जात होतं. पुढच्या वर्षी 30 वर्षांचा शॉन मॅकव्हे हेड कोच म्हणून आला. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फार कमी लोक बघतात: सिनसिनाटीहून अँड्र्यू व्हिटवर्थ नावाचा, लाइनमधला 35 वर्षांचा लेफ्ट टॅकल आणला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा माणूस तो. रॉबर्ट वूड्स आणि कूपर कप हे रिसीव्हरही (बॉल झेलणारे) त्याच वर्षी आले. 2017 मध्ये गॉफ 15 सामने खेळला आणि सॅक झाला 25 वेळा. म्हणजे दुपटीहून जास्त सामने आणि मार मात्र आधीच्या सात सामन्यांइतकाच. टचडाउन 28, इंटरसेप्शन 7. गुणांच्या यादीत तळाला असलेला रॅम्सचा ऑफेन्स एका वर्षात पहिल्या नंबरवर गेला.

मॅकव्हेची एक युक्ती मला फार आवडते. एनएफएलमध्ये कोच क्वार्टरबॅकशी हेल्मेटमधल्या रेडिओवरून बोलू शकतो, पण प्ले क्लॉकवर (पुढची खेळी सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. मॅकव्हे टीमला लवकर लाइनवर उभं करायचा, म्हणजे समोरचा डिफेन्स (बचाव) कसा उभा आहे ते गॉफला सांगायला त्याला वेळ मिळायचा. गोंधळलेल्या मुलाला अशी मदत करणारा मोठा माणूस भेटणं हाही ‘टीममधला बदल’च आहे.

आता उलट बाजू. अ‍ॅलेक्स स्मिथ, हाही क्वार्टरबॅक, 2005 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पहिल्या वर्षी 1 टचडाउन, 11 इंटरसेप्शन. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या सात वर्षांत त्याला सात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले. दरवर्षी नवं प्लेबुक (खेळींचं पुस्तक), नवे शब्द, पायांची नवी सवय. 2011 मध्ये जिम हार्बो हेड कोच म्हणून आला आणि टीम 13 सामने जिंकली, पण तोवर त्याची उमेदीची सहा वर्षं संपली होती. म्हणून नवे कोऑर्डिनेटर आले याचा लगेच आनंद मानू नका. त्यांचं प्लेबुक मुलाला ऑगस्टच्या आत झोपेतही आठवलं पाहिजे. ते आजच मागून घ्यायला सांगा.

आणि लाइन. ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार याला 2002 मध्ये, पहिल्याच वर्षी, 76 वेळा सॅक केलं. तो एनएफएलचा विक्रम आहे. नंतर टीम बदलूनही तो पुन्हा उभा राहिला नाही. इतका मार खाल्ल्यावर डोळे रिसीव्हरवर राहत नाहीत, अंगावर येणाऱ्यांकडे वळतात. क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड जेट्स टीमकडून खेळत असताना, 2019 मध्ये पेट्रियट्सविरुद्ध साइडलाइनवर बसून म्हणाला होता, ‘मला भुतं दिसतायत’. माइक चालू होता, अख्ख्या देशाने ऐकलं. त्या दिवशी त्याने 4 इंटरसेप्शन दिले. पाच वर्षांनी मिनेसोटात त्याच माणसाने 35 टचडाउन फेकले. हात तोच होता.

तुमच्या मुलाचं काय झालंय, हे 6 आणि 14 या आकड्यांवरून मला सांगता येणार नाही. फिल्म सांगेल. बहुतेक शाळांमध्ये सामन्यांची फिल्म खेळाडूंना मिळते. चौदाच्या चौदा इंटरसेप्शन त्याच्या शेजारी बसून बघा. तुम्हाला फुटबॉल कळत नसला तरी चालेल. एकच बघायचं: बॉल हातातून सुटला तेव्हा त्याच्या अंगावर कोणी आलं होतं का, की तो निवांत उभा होता? दहा-अकरा वेळा कोणीतरी अंगावर असेल, तर दोष बराचसा लाइनचा आहे आणि नव्या मुलांबरोबर तो सुधारण्याची चांगली शक्यता आहे. पण मोकळा उभा राहूनही त्याने बॉल समोरच्या टीमच्या हातात दिला असेल, तर ते डिफेन्स वाचण्याचं काम आहे. तेही शिकता येतं, फक्त तीन महिन्यांत पूर्ण होईलच असं नाही. मुलाला ते स्पष्ट सांगा.

उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात-सात खेळाडूंच्या सामन्यांत) तो छान खेळला तर कौतुक जरूर करा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. तिथे लाइनही नसते आणि अंगावर धावून येणारेही नसतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी: डोक्याला मार लागल्याचं त्याने लपवलेलं नाही ना, हे एकांतात, प्रेमाने विचारा. लपवलं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं. वरचं सगळं मग बाजूला.

अभ्यासाची तुमची काळजी बरोबर आहे, पण त्यासाठी खेळ सोडायची गरज मला दिसत नाही. शाळेत खेळणाऱ्या दहांमधला एकही धड कॉलेज फुटबॉलपर्यंत पोचत नाही, त्यामुळे एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि अर्ज त्याला तसेही करायचेच आहेत. डिव्हिजन वनसाठी (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) 16 कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. शाळेच्या काउन्सेलरकडून त्याच्या विषयांची यादी याच आठवड्यात तपासून घ्या. डिव्हिजन थ्रीची कॉलेजंही बघा. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण चांगल्या मार्कांचा मुलगा तिथे शिकतो आणि खेळतोही.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की तो गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचे प्ले (खेळी) काढत बसतो. ती वही टाकू नका. मॅकव्हे शाळेत क्वार्टरबॅक होता, कॉलेजात रिसीव्हर म्हणून खेळला, आणि एनएफएलमध्ये खेळाडू म्हणून एकदाही उतरला नाही, तरी तिथे हेड कोच झाला. नव्या कोऑर्डिनेटरना भेटायला जाताना ती वही त्याच्या हातात असू द्या.

आणि त्याच्या बाबांना माझा निरोप द्या: सामन्यानंतर गाडीत इंटरसेप्शनचा विषय काढू नका. शुक्रवारी रात्री त्याला आधी जेवू द्या.

फिल्म बघून झाली की मला पुन्हा लिहा. चौदांपैकी किती वेळा कोणी अंगावर आलं होतं, तेवढा आकडा कळवा.