धावपटू ललिता बाबर ऑलिम्पिकमध्ये दहावी आली, पदक नाही, कारकीर्दही छोटी. मग तिला एवढं मोठं का मानतात? आणि मॅरेथॉन सोडून ती स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, का गेली?

मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

ललिता सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची, मोही गावची. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं, तिथून नाव दिसायला लागलं. पुढे वर्तमानपत्रांनी तिला 'माणदेशी एक्स्प्रेस' केलं. (कविता राऊत 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाल्यापासून आपल्याकडे लांब पल्ल्याच्या प्रत्येक धावपटू मुलीला एक एक्स्प्रेस जोडून देण्याची पद्धतच पडली आहे.) दुष्काळी तालुका, शेतकरी घर, जिद्द, या चौकटीत तिची गोष्ट सांगितली जाते. त्यात खोटं काही नाही. पण त्या गोष्टीत तिचे पाय दिसतात, डोकं दिसत नाही. आणि माझ्या मते तिची कारकीर्द घडली ती एका हिशेबी निर्णयामुळे.

२०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये ती पहिली आली. हॅट्ट्रिक, सत्कार, रेल्वेची नोकरी. बहुतेकांनी इथेच मुक्काम ठोकला असता. पण २०१४ ची तिची विजयी वेळ सुमारे २ तास ५० मिनिटं होती. जागतिक विक्रम तेव्हा पॉला रॅडक्लिफचा, २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा. आशियापुरतं बोलायचं तरी जपान, चीन आणि बहारीन (जे आफ्रिकेतून आलेल्या मुलींना धावायला उतरवतं) यांच्यापुढे या वेळेला कुणी विचारलंही नसतं. मुंबईत पहिलं येणं आणि आशियात पदक मिळवणं यांच्यामध्ये वीस-पंचवीस मिनिटांची दरी होती.

स्टीपलचेसमध्ये चित्र वेगळं होतं. महिलांसाठी हा प्रकार तसा नवाच. जागतिक स्पर्धेत तो २००५ मध्ये आला, ऑलिम्पिकमध्ये २००८ मध्ये. जगभर स्पर्धा अजून तेवढी दाटलेली नव्हती. शिवाय २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये रायबरेलीच्या सुधा सिंगने ९:५५.६७ (९ मिनिटं ५५.६७ सेकंद) वेळेत सुवर्ण जिंकून दाखवलं होतं. म्हणजे भारतीय मुलीला या शर्यतीत आशियाई पदक मिळू शकतं, हे सिद्ध झालेलं होतं. मुंबईची हॅट्ट्रिक झाल्यावर ललिता तिकडे वळली.

शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ३००० मीटर, त्यात २८ साधे अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डल्समध्ये पाय लागला तर हर्डल आडवा होतो, इथे होत नाही. इथे जाड लाकडी तुळई असते, ती जागची हलत नाही. तुम्ही आडवे होता. पाण्याच्या उडीला बहुतेक जणी तुळईवर एक पाय देऊन पुढे झेपावतात, आणि तरी दुसरा पाय पाण्यात पडतोच. दमदार फुप्फुसं मॅरेथॉनमधून घेऊन येता येतात. पण धावण्याची लय दर ऐंशी मीटरच्या आसपास मोडते आणि ती पुन्हा पकडावी लागते, हे रस्त्यावर धावून शिकता येत नाही. अडथळा जवळ आला की नकळत पावलं आखूड करायची, अंदाज घ्यायचा, मग उडी मारायची, ही नवख्यांची खोड. पस्तीस वेळा असं केलं की शर्यत गेलीच. ललिताच्या सुरुवातीच्या शर्यतींत ही अडखळ स्पष्ट दिसते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत ही खोड बरीच गेली होती, पूर्ण मात्र गेली नव्हती.

तिला घडवणारे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव हे बेलारूसचे. कडक, भांडखोर म्हणून प्रसिद्ध. कॅम्प लावायचे ते ऊटीसारख्या उंचावरच्या ठिकाणी. सुधा आणि मॅरेथॉन धावणारी ओ. पी. जैशाही त्यांच्याच हाताखाली होत्या. त्यांच्याबद्दल मतं टोकाची आहेत, पण आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. तेच पाहा.

सप्टेंबर २०१४, इंचॉन एशियाड: ९:३५.३७, राष्ट्रीय विक्रम, कांस्य. या शर्यतीनंतर नाट्य झालं. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रुथ जेबेटला ट्रॅकच्या आतल्या कडेला पाऊल पडल्यावरून आधी बाद केलं, तेव्हा ललिता कागदोपत्री रौप्यावर गेली. मग अपील झालं, जेबेट परत आली आणि ललिता पुन्हा कांस्यावर. चौथ्या आलेल्या बिचाऱ्या सुधाच्या हाती आलेलं कांस्य मात्र साफ गेलं.

जून २०१५, वुहानची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा: ९:३४.१३ आणि सुवर्ण. ऑगस्ट २०१५, बीजिंगची जागतिक स्पर्धा: प्राथमिक फेरीत ९:२७.८६, अंतिम फेरीत आठवी. एप्रिल २०१६, दिल्लीतली फेडरेशन कप: ९:२७.०९. आणि १३ ऑगस्ट २०१६, रिओची प्राथमिक फेरी: ९:१९.७६.

दोन वर्षांच्या आत साडेपंधरा सेकंद. इंचॉनची ललिता आणि रिओची ललिता एकाच शर्यतीत धावल्या असत्या, तर शेवटच्या रेषेवर दोघींमध्ये ऐंशी मीटरचं अंतर पडलं असतं. पंचविशी उलटलेल्या, त्याआधी वर्षानुवर्षं रस्त्यावर पळालेल्या खेळाडूत एवढी सुधारणा सहसा दिसत नाही.

मला स्वतःला याहून आवडणारी गोष्ट जानेवारी २०१५ ची आहे, तिची फारशी चर्चा होत नाही. स्टीपलचेसचं वर्ष काढल्यावर ती पुन्हा मुंबई मॅरेथॉनमध्ये उतरली. जैशा पहिली आली, ललिता दुसरी. म्हणजे हरली. पण वेळ होती २:३८:२१, हॅट्ट्रिकच्या वेळेपेक्षा बारा मिनिटं कमी! मॅरेथॉन सोडून ट्रॅकवर वेग कमावला, तर मॅरेथॉनच सुधारली. आपल्याकडे मुलांना लहान वयातच रस्त्यावरच्या बक्षिसांच्या शर्यतींना जुंपणाऱ्यांनी ही नोंद पाहायला हवी. त्या वेळेवर तिला रिओत मॅरेथॉनही धावता आली असती. जैशा आणि कविता राऊत तिथे मॅरेथॉन धावल्या, ८९ व्या आणि १२० व्या आल्या. ललिता आणि सुधाने स्टीपलचेस धरलं. सुधा प्राथमिक फेरीतच बाहेर पडली.

आता तुमचा पहिला प्रश्न. रिओच्या प्राथमिक फेरीत ललिता तिच्या हीटमध्ये (म्हणजे गटात) चौथी होती. थेट प्रवेश पहिल्या तिघींना, बाकीच्यांपैकी काहींना धावण्याच्या वेळेच्या क्रमाने. तिची वेळ सगळ्या हीट मिळून सातव्या क्रमांकाची होती, त्यामुळे ती आत गेली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली होती, पी. टी. उषा. बत्तीस वर्षं झाली होती. ('वैयक्तिक' हा शब्द लोक गाळतात. २००४ मध्ये अथेन्सला आपला महिलांचा ४ × ४०० रिले संघ अंतिम फेरीत होता.)

अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. तारखेमुळे आपल्याकडे अपेक्षा भलत्याच वाढल्या होत्या. मी टीव्हीपुढे बसलो होतो तेव्हा समालोचक पदकाची भाषा करत होते, आणि ती मला तेव्हाही खटकली. हीटमध्ये ती जीव तोडून आयुष्यातली सर्वांत वेगवान शर्यत धावली होती, अव्वल मुली मात्र राखून धावल्या होत्या. अंतिम फेरीत जेबेटने लवकरच वेग असा वाढवला की रांग ताणली गेली, आणि ८:५९.७५ मध्ये तिने सुवर्ण नेलं. तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून ती जेमतेम एक सेकंद दूर होती. त्याच महिन्यात पॅरिसला तिने ८:५२.७८ धावून तो मोडला. (पुढे २०१७ मधल्या एका नमुन्यात ईपीओ हे बंदी असलेलं उत्तेजक सापडून जेबेटवर चार वर्षांची बंदी आली. रिओचं पदक तिच्याकडेच राहिलं.) ललिता ९:२२.७४ मध्ये दहावी आली, अठरा जणींत.

आता बीजिंगशी ताडून पाहा. २०१५ च्या जागतिक अंतिम फेरीत ती ९:२९.६४ मध्ये आठवी होती. रिओत सात सेकंद वेगात धावून दहावी. क्रमांक घसरला, धावणं सुधारलं. बीजिंगची शर्यत सगळ्यांनी एकमेकींवर नजर ठेवून संथ नेली आणि शेवटी झपाटून धावल्या. हायविन जेपकेमोईने ती ९:१९.११ मध्ये जिंकली. रिओच्या हीटमधली ललिताची वेळ याहून फक्त ०.६५ सेकंद जास्त होती! याचा अर्थ ती बीजिंगला सुवर्ण जिंकली असती असा मुळीच नाही. तशा शर्यतीत शेवटच्या फेरीला जो झपाटा लागतो, तो तिच्याकडे नव्हता. तिची ताकद सलग एका वेगाने रेटण्यात होती. पण वर्षभरापूर्वी जग ज्या वेळेत जिंकत होतं, त्या वेळेपर्यंत ती पोहोचली होती. तिला मोठं मानतात ते यासाठी. निदान मी तरी यासाठी मानतो. २०१६ चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला.

कारकीर्द छोटी, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१४, १५, १६ असे तीनच हंगाम. रिओनंतर ती मोठ्या स्पर्धेत दिसली नाही. २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे सुधाने ९:५९.४७ वेळेत सुवर्ण जिंकलं. ललिताच्या विक्रमापेक्षा ही वेळ चाळीस सेकंद मागे. २०१८ च्या जाकार्ता एशियाडलाही सुधाला ९:४०.०३ वर रौप्य मिळालं. हे आकडे पाहिले की हळहळ वाटते, नाही असं नाही. पण राज्य सरकारने खेळाडूंच्या थेट नियुक्तीतून तिला उपजिल्हाधिकारी केलं, आणि माणसारख्या भागातून आलेल्या कुणाला ते पद सोडून पुन्हा ऊटीला कॅम्पात राहा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूचं शरीर किती वर्षं साथ देईल याची हमी कुणी देत नाही.

तिचा ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीने तो ९:१५.३१ वर नेला. त्या अंतिम फेरीत पारुल अकरावी आली.