रक्तातलं ऑक्झलेट: आकड्याआधी नळीचा प्रवास विचारा

दादा, मुलाला सारखे मुतखडे, क्रिएटिनिन चढतंय आणि नाशिकहून मुंबईला पाठवलेल्या रक्तात ऑक्झलेट (ज्याचे मुतखडे बनतात ते) लिटरला ३८ मायक्रोमोल आलं, हे तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, उपचाराचं त्यांनाच विचारा. ऑक्झलेट मुख्यतः लिव्हरमध्ये बनतं हे खरं, पण 'लिव्हर बदलावं लागेल का' इथवर या एका कागदावरून जाऊ नका.

आधी रक्त घेणाऱ्या सेंटरला विचारा, रक्त काढल्यावर प्लाझ्मा (रक्तपेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) किती वेळाने वेगळा केला? रक्तातल्या व्हिटॅमिन सीचं नळीतच आपोआप ऑक्झलेट होत राहतं. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्झलेट लिटरला साधारण १ ते ३ मायक्रोमोल, म्हणजे जराशी भरही आकडा फिरवते. म्हणून नळी थेट बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र), प्लाझ्मात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि मग डीप फ्रीझ. ॲसिड न घालता नुसतं गोठवूनही भागत नाही.

आमच्या वेळी सकाळी घेतलेली नळी काउंटरवरच्या स्टँडमध्ये, शुगर-थायरॉइडच्या नळ्यांच्या रांगेत उभी होती. एप्रिलचं ऊन, पिकअपवाला दुपारनंतर येणार. विचारलं तर म्हणे, "जेल पॅक टाकतो ना मॅडम." रिपोर्टवर यातलं अक्षर नाही, फक्त ठळक आकडा. जाब विचारला तर सेंटर लॅबकडे बोट दाखवणार आणि लॅब सेंटरकडे. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आजही आठवलं की संताप होतो. शेवटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नेऊन लॅबमध्येच रक्त दिलं. ऑक्झलेट वाढलेलं होतंच, पण आधीच्या निम्म्याहून कमी.

आणि हो, शुगरची करड्या टोपणाची नळी वापरू देऊ नका. तिच्यात बहुतेक वेळा पोटॅशियम ऑक्झलेटच असतं! व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून आधी बंद करा.

पद्धतही विचारा. एन्झाइमच्या पद्धतीत ऑक्झलेट ऑक्सिडेज, जे बार्लीच्या कोंबांतूनही काढतात, ऑक्झलेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि त्याचा रंग मोजतात. तिथे व्हिटॅमिन सी उलट आकडा खाली ओढू शकतं. मला विचाराल तर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजायची पद्धत, बरी. काहीही असो, पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

किडनी मंदावली की ऑक्झलेट तसंही रक्तात साचतं, त्यामुळे आकडा खरा निघाला तरी तेवढ्यावरून प्रायमरी हायपरऑक्झलुरिया (जनुकातल्या दोषामुळे लिव्हर जास्त ऑक्झलेट बनवतं तो आजार) ठरत नाही. २४ तासांच्या लघवीची तपासणीही अशा वेळी फसवते, कारण किडनीच ते बाहेर टाकत नाही. नेफ्रॉलॉजिस्टना एजीएक्सटी, जीआरएचपीआर आणि होगा-१ या जनुकांच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. त्यासाठीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं, त्याला हा बर्फ-ॲसिडचा खटाटोप लागत नाही, ते नाशिकहून खुशाल पाठवा.