मशीनची फळी कुजली, आता प्लाय घालू की फोम?

प्रश्न : आमची फायबरची होडी आहे, मागच्या फळीवर १५ एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं मशीन. यंदा पावसाळी मासेमारी बंदीत वर ओढली तर मशीन धरून हलवलं की फळीपण हलतेय, बोल्ट काढला तर भोकातून काळं पाणी आलं. फायबरमध्ये लाकूड कुजलंच कसं? मेस्त्री म्हणतो किचनचा पीव्हीसी बोर्ड टाकू, तो जन्मात कुजत नाही. टाकू का? – एक वाचक, मालवण

उत्तर : नाही हो, तो बोर्ड किचनमध्येच राहू दे. कुजत नाही हे खरं, पण मशीनचा जोर त्याला झेपणार नाही आणि फायबर चिकटवायचं रेझीनपण त्याला धड धरत नाही. तुमच्या फळीत आत प्लाय आहे, वरून फायबर. बोल्टच्या नाहीतर बुचाच्या भोकातून पाणी शिरलं की आतच बसतं. त्यात खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी वाईट, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तेच मानवतं. म्हणजे जून-जुलैत होडी किनाऱ्यावर उघडी पडते ना, खरं नुकसान तेव्हाच होतं.

न कुजणारंच हवं तर काचेचे धागे घातलेला पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड मिळतो, पण तो घनमीटरला ४०० किलोच्या आसपास वजनाचा, दणकटच घ्या, हलका फोम बोल्ट आवळला की चेपतो. आणि थर्माकोल तर चुकूनही नको, पॉलिस्टर रेझीन लावलं की विरघळतो. बोर्ड महाग पडतो, म्हणून माझं मत विचाराल तर ७१० नंबरचा मरीन प्लाय घाला पण भोकं नीट करा : भोक बोल्टपेक्षा मोठं पाडायचं, जाड केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझीन) भरायचं, पूर्ण सुकलं की त्यातच बोल्टच्या मापाचं भोक. पाणी लाकडाला लागतच नाही मग. फोम घातलात तरी हे करावंच लागेल, कारण फळी वाचली तरी पाणी आतून पुढे सरकतं.

प्रश्न : जुन्या सागवानी होडीला वरून फायबर मारलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण थोडेच दिवस. साग तेलकट, त्यात लाकूड ओलं-सुकं होताना फुगतं-आकसतं, फायबर तसं हलत नाही, मग पॉलिस्टरचा थर सुटतो आणि मधे पाणी साठून लाकूड आतल्या आत कुजतं, वरून कळतपण नाही. मारायचंच तर कुजलेल्या फळ्या आधी बदला, लाकूड खडखडीत सुकवा, सागाला अ‍ॅसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावा, आणि हे काम पावसात अजिबात काढू नका.