युरोव्हिजनच्या तरुण वादकांच्या स्पर्धेत उतरायचे की नाही, हे कोण ठरवते?

आपला प्रश्न असा आहे की, 'युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स' या पाश्चात्त्य शास्त्रीय वादनाच्या स्पर्धेत २०१८ साली १८ देश होते, २०२२ साली ते ९ वर आले आणि त्यांत ब्रिटनही नव्हता. तेव्हा तेथील सरकारांना या संगीताविषयी आस्था उरलेली नाही असे समजायचे का, आणि बर्मिंगहॅममध्ये व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे तंतुवाद्य) शिकणाऱ्या आपल्या मुलीने या स्पर्धेची आशा धरावी का.

पहिली गोष्ट म्हणजे, हा निर्णय सरकार घेत नाही. ही स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची आहे आणि तिचे सभासद म्हणजे त्या त्या देशातील सार्वजनिक प्रसारण संस्था: ब्रिटनची बीबीसी, नॉर्वेची एनआरके, ऑस्ट्रियाची ओआरएफ. त्यामुळे 'देशाने भाग घेतला नाही' याचा खरा अर्थ त्या संस्थेने त्या वर्षी वादक पाठवला नाही, एवढाच होतो. देशात उत्तम वादक आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

मग ही संस्था कशाच्या आधारे ठरवते? माझ्या मते सर्वांत निर्णायक असते ती घरची स्पर्धा. ज्या संस्थेकडे स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा असते, तिला वादक शोधण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. मुळात या स्पर्धेचा जन्मच तसा झाला. बीबीसीने १९७८ साली तरुण वादकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि १९८२ साली मँचेस्टरमध्ये सहा देशांना घेऊन तिची युरोपीय आवृत्ती भरली. १९९४ साली चेलोवादक नॅटली क्लाइन हिने आधी बीबीसीची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी वॉर्सा येथे युरोपीय विजेतेपदही मिळवले. मात्र दोन्ही स्पर्धांचे वेळापत्रक जुळले तरच हे शक्य होते. २०२२ साली युरोपीय अंतिम फेरी जुलैमध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरात झाली आणि बीबीसीची अंतिम फेरी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे त्या वर्षीचा ब्रिटिश विजेता ठरण्यापूर्वीच युरोपीय स्पर्धा आटोपली होती. ब्रिटनच्या गैरहजेरीचे हेच एकमेव कारण असे मी म्हणणार नाही, पण आस्था संपल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी या तारखा पाहायला हव्यात.

९ या आकड्यामागेही त्या काळाची परिस्थिती आहे. २०२० ची झाग्रेब येथील स्पर्धा महामारीमुळे रद्द झाली आणि चार वर्षांचा खंड पडला. २०१८ चा विजेता, पियानोवादक इवान बेसोनोव्ह, रशियाचा होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला प्रवेशच नव्हता. शिवाय ज्या वर्षी उपांत्य फेरी असते, त्या वर्षी छोट्या संस्थांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. २०१८ साली एडिंबराला १८ वादकांपैकी सहाच जण अंतिम फेरीत वाजवू शकले. आपला वादक आधीच बाहेर पडला, तर ती संपूर्ण संध्याकाळ आपल्या वाहिनीवर का दाखवायची, हा प्रश्न कार्यक्रम विभागाला पडणे स्वाभाविक आहे.

आता आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा मुद्दा. ऑस्ट्रियाने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली आहे आणि सहाही विजेते व्हायोलिनवादक आहेत. त्यांपैकी पहिल्या पाचांचा जन्म ऑस्ट्रियाबाहेरचा: १९८८ चा जुलियन राखलिन व्हिल्नियसचा, १९९८ ची लिडिया बाइच लेनिनग्राडची, २००२ चा दालिबोर कारवाय स्लोव्हाकियाचा, २००४ ची अलेक्झांड्रा सुम मॉस्कोची आणि २०१४ चा झियू ह चीनमधील. झियू ह साल्झबुर्गच्या मोत्झार्टेउम या संगीत विद्यापीठात शिकत होता आणि ऑस्ट्रियाने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले. मला या स्पर्धेतील ही गोष्ट मनापासून मोलाची वाटते. मराठी आडनावाची मुलगी ब्रिटनच्या वतीने उभी राहू शकेल का, ही शंका आपण प्रश्नाच्या शेवटी जरा संकोचाने मांडली आहे. ती मनातून काढून टाकावी. आणि व्हायोलाला कोण विचारतो, असे कोणी म्हणत असेल, तर २०१२ साली नॉर्वेच्या ऐविन होल्ट्समार्क रिंगस्टाड याने व्हिएन्नाच्या रात्हाउसप्लाट्झ या चौकात व्हायोलावरच पहिला क्रमांक मिळवला होता, हे त्यांना जरूर सांगावे.

तरीही मुलीच्या रियाजाचे वेळापत्रक या एका स्पर्धेभोवती आखू नये. बीबीसी पुढच्या वेळी वादक पाठवणार की नाही, हे आपल्या हातात नाही आणि बऱ्याचदा ते उशिरा कळते. बीबीसीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तिला स्वतः अर्ज करता येतो; त्यासाठी आठव्या ग्रेडची (ब्रिटनमधील संगीत परीक्षांच्या आठ पातळ्यांतील शेवटची) किंवा त्या तोडीची तयारी लागते, आणि व्हायोला तंतुवाद्यांच्या गटात मोडते. तिची आठवी ग्रेड झाली असेल, तर पुढील फेरीच्या अर्जाची मुदत तिच्या शिक्षकांकडून आताच विचारून घ्यावी.